तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेकसाठी स्वस्तातली कुठली सुरी घेऊ?

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न येतोच. कोणीतरी एक फोटो पाठवतं, काळं पातं, पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, बूड फिरवून उघडलं की आत काड्या आणि मासे पकडायचा गळ, आणि खाली मेसेज, "दादा, आठशेला मिळतेय, सर्व्हायव्हलसाठी घेऊ का? फोल्डिंग नको, फिक्स्ड ब्लेडच हवीय, पण बजेट कमी आहे." दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगतो, आज एकदाच सगळं लिहून टाकतो.

ती फोटोतली घेऊ नका. मूठ पोकळ केली की पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं, तिथे ते एखाद्या नटबोल्टवर नाहीतर पिनेवर टेकवलेलं असतं, आणि सुरीवर जोर दिला की तो सगळा नेमका त्याच जागी येतो. पाठीवरच्या दातांनी लाकूड कापलं जात नाही, नुसतं खरवडलं जातं, वर अंगठा टेकवायची जागा गेली ती गेलीच. आणि होकायंत्र कुठे बसवलंय, तर लोखंडाला चिकटून. ते उत्तर दाखवणार कसं?

आता मुद्द्याचं. सह्याद्रीत सुरीचं काम काय असतं हे आधी डोळ्यासमोर आणा. दोरी कापायची, टेंटच्या खुंटीला टोक काढायचं, खिचडीसाठी कांदा-बटाटा चिरायचा, तुटलेला सॅकचा पट्टा कापून पुन्हा बांधायचा, कोणाचा पाय मुरगळला तर चादरीच्या पट्ट्या करायच्या, वाळकी काटकी तासून बारीक साली काढायच्या म्हणजे ओलसर हवेतही चूल पेटते. एवढंच. यातल्या एकाही कामाला आठ इंची पातं लागत नाही. खरं सांगायचं तर आपल्याकडे ट्रेकमध्ये माणसं अडचणीत येतात ती पाणी संपून, उन्हाने, घसरून, वाट चुकून, नाहीतर आग्या मोहोळ उठल्यामुळे, आणि यातल्या कशावरच सुरी हा इलाज नाही. सर्व्हायव्हलच्या पैशातून आधी हेडटॉर्च, शिट्टी आणि जास्तीची पाण्याची बाटली घ्या, उरले तर सुरी.

लोकांचा घोटाळा होतो तो इथे, की त्यांना एकाच पात्याने कांदाही चिरायचा असतो आणि मनगटाएवढी फांदीही तोडायची असते. मग पातं जाड लागतं, जड लागतं, दोन्ही सोसणारं पोलाद लागतं आणि किंमत पाच-सात हजारांवर जाते. तोडायचं काम कोयत्याचं. आपल्या डोंगरातल्या गावांमध्ये बघा, कमरेला आकडी, आकडीत कोयता, आणि त्या कोयत्याने लाकूड, करवंदाची जाळी, कुंपणाचे काटे सगळं निघतं. ट्रेकला बरोबर वाटाड्या मामा असले तर त्यांच्या कोयत्यापुढे तुमची ती काळी सुरी कोणी बघणारसुद्धा नाही. तर तोडायचं काम सुरीकडून काढून घ्या, लगेच बजेट निम्म्याच्या खाली येतं.

मग उरते ती साधी, चार इंची सुरी. पात्याची जाडी अडीच-तीन मिलिमीटर, जाड घेतली की टोमॅटो कापला न जाता फुटतो. धार सरळ, दात नकोत, कारण दातेरी धारेला घरच्या साध्या दगडावर धार लावता येत नाही. फुल टँग म्हणजे पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवंच असा इंटरनेटवर फार आग्रह असतो, असलं तर उत्तमच, पण वर सांगितलेल्या कामांना मुठीत अर्ध्याहून जास्त गेलेलं पातंही पुरतं. फक्त मग सुरी लाकडावर ठेवून वरून दांडक्याने हाणत ओंडके फोडायचे नाहीत. तो व्हिडिओवाल्यांचा छंद आहे.

पोलादाबद्दल फार डोकं खाजवू नका. कोकणात नाहीतर घाटावर पावसाळ्यात फिरणार असाल तर स्टेनलेस घ्या. कार्बन स्टीलची धार सुंदर लागते, पण लिंबू किंवा कोकम कापून तशीच ठेवली की पातं काळं पडतं आणि ओल्या म्यानात एक रात्र राहिली तरी गंजाचे ठिपके. रोज पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवणार असाल तर कार्बन घ्या बिनधास्त. फेरो रॉडवर, म्हणजे घासून ठिणग्या पाडायच्या दांडीवर, ठिणगी पाडायला कार्बनच लागतं असंही ऐकाल, ते खरं नाही, तिथे पात्याच्या पाठीची कड काटकोनात हवी एवढंच, हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्यानेही ठिणगी पडते. आणि पाचशे रुपयांत डमास्कस म्हणून जे लाटालाटांचं पातं मिळतं त्यावर ती नक्षी बहुतेक वेळा वरून उमटवलेली असते. दिसायला छान, बाकी काही नाही.

माझ्या मते पोलादापेक्षा म्यान जास्त बघा. घसरलात, बसल्या जागी पाच फूट खाली गेलात आणि सुरी म्यानातून निसटली किंवा टोक म्यान फोडून बाहेर आलं तर जखम मांडीला होणार, आणि दवाखाना चार तासांवर. पातळ नायलॉनचं म्यान टोकाने आतून कापलं जातं. चामड्याचं देखणं असतं पण पावसात पाणी धरून ठेवतं, बुरशी येते. कडक प्लॅस्टिकचं, सुरी आत ढकलली की खट्ट करून बसणारं आणि तळाला पाणी निघायला भोक असलेलं, हे सगळ्यात बरं. दुकानात सुरी म्यानात घालून उलटी धरा आणि झटका द्या, पडली तर दुकानदाराला परत. मुठीचा रंग नारिंगी किंवा लाल घ्या, काळी सुरी गवतात पडली की कोणाच्या बापाला सापडत नाही.

नाव सांगा म्हणता, तर मोराची कम्पॅनियन. स्वीडनमध्ये मोरा नावाचं गाव आहे, तिथली. पातं साधारण १० सेंटीमीटर, जाडी २.५ मिलिमीटर, स्टेनलेस प्रकारात १२सी२७ नावाचं पोलाद, म्यान वर सांगितलं तसंच. टँग अर्धवट आहे आणि पाठीची कड गोलसर आहे, म्हणजे फेरो रॉड वापरायचा असेल तर कानशीने एक-दोन इंच कड काटकोनात करून घ्यावी लागते. बाहेरदेशी ती वीसेक डॉलरच्या आसपास मिळते, इथे येईपर्यंत किंमत चढते, त्यामुळे अमेरिकेतून कोणी भाऊबहीण येणार असेल तर आणायला सांगा, चेक-इन बॅगेत, केबिन बॅगेत अजिबात नाही. तेवढंही नको असेल तर व्हिक्टोरिनॉक्सची भाजी चिरायची छोटी सुरी घ्या, काहीशे रुपयांत येते, तीही फिक्स्ड ब्लेडच आहे की! पातं पातळ आहे, तासकामाला नाजूक पडेल, पण दोरी आणि कांदा दोन्ही झकास. म्यान मात्र स्वतः करा, जाड पुठ्ठा आणि वर चिकटपट्टी.

तिसरा रस्ता लोहाराचा आणि माझा जीव तिथेच जास्त रमतो. ट्रकच्या जुन्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं, पोलाद चिवट असतं, आठवडी बाजारात बसणारे लोहार त्यातून चार इंची सुरी करून देतात, फक्त पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून-बुडवून पातं कडक केलंय का, ते बघायचं. त्यासाठी कानस बरोबर न्या. धारेजवळ हलकेच घासा, कानस काचेवरून गेल्यासारखी सटकली तर पातं कडक आहे, खाऊ लागली तर मऊ. आणि ग्राइंडरवर धार लावताना धारेशी निळा रंग चढला असेल तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजा, ती धार टिकणार नाही, तेवढा भाग हळूहळू दगडावर घासून काढावा लागतो. दगडाचे पैसेही बजेटमध्ये धरा, एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा साधा दगड पुरतो. मोरासारख्या सुरीला धारेकडचा उतार रुंद असतो, तो अख्खा दगडावर सपाट टेकवायचा आणि पुढे-मागे करायचं, कोनाचा अंदाज घ्यायला लागत नाही म्हणून नवशिक्याला सोपी.

राहिला कायदा, हे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलंय, त्यामुळे चार इंची सुरी त्यात बसत नाही. पण सणावाराला, निवडणुकीच्या वेळी पोलिसांचे मनाई आदेश निघतात, तेव्हा सुरी कमरेला लावून एसटी स्टँडवर हिंडू नका, सॅकच्या तळाशी ठेवा. आणि यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू-सुऱ्या स्पष्ट लिहिल्यात आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, भीमाशंकर, कोयनेतला वासोटा, आपल्या आवडीच्या किती जागा यात येतात बघा. तिथे चेकपोस्टवर कांद्या-बटाट्याची सबब सांगत बसण्यापेक्षा सुरी घरी ठेवा आणि भाजी आदल्या रात्रीच चिरून डब्यात भरा.