फणसाच्या ओल्या लाकडाचे करंडे चवथीपर्यंत वाळवले, माझा अनुभव

मी गोव्यात फोंड्याला राहतो. जुलैच्या वाऱ्यात शेजारच्या काकांच्या फणसाची जाड फांदी मोडून पडली, काका म्हणाले जळणात घालण्यापेक्षा तुझ्या लेथला (लाकूड फिरवून कातायच्या यंत्राला) घेऊन जा रे. चवथीला पाचेक आठवडे होते, तेव्हाच ठरवलं की दोन्ही आत्यांना आणि वहिनीला ह्याचेच कुंकवाचे करंडे द्यायचे, त्या झाडाचे गरे आम्ही सगळ्यांनीच खाल्लेत.

ओलं लाकूड कातायला फार छान, पटाशीखालून लांबच लांब ओल्या ढलप्या निघतात आणि धूळ अजिबात नाही. फणसाचा चीक तेवढा हाताला चिकटतो, आधी खोबरेल लावायचं. खरा प्रश्न वाळवण्याचा. इंचभर जाडीला एक वर्ष असा जुना हिशेब आहे, आणि आपल्याकडे पावसात उघड्यावर ठेवलेलं लाकूड 15-16 टक्के ओलाव्याच्या खाली जातच नाही, वर बुरशी येते ती वेगळीच. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये वाळवायचं ठरवलं.

पहिला करंडा फुकट गेला. गाभा मधोमध ठेवून कातला आणि जुन्या मायक्रोवेव्हमध्ये फुल पॉवरवर तीन मिनिटं ठेवला, गाभ्यापासून काठापर्यंत तडा गेला आणि आतून जळका वास यायला लागला. लाकूड वाळताना वार्षिक कड्यांच्या दिशेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं त्याच्या जवळजवळ दुप्पट असतं, म्हणून गाभा आत राहिला की कुठेतरी फाटतंच.

मग ओंडका गाभ्यातून उभा चिरून गाभा काढूनच टाकला. करंडा साधारण 11 सेंमी रुंद, भिंत सगळीकडे सारखी 11-12 मिमी, म्हणजे रुंदीचा दहावा भाग, वेडावाकडा झाला तरी नंतर परत गोल कातायला जाडी उरते. जिथे लाकडाच्या रेषांची टोकं उघडी पडतात तिथे मेण चोपडलं, कारण पाणी तिथून सगळ्यात पटकन पळतं आणि भेग तिथेच सुरू होते. मग मायक्रोवेव्हच्या डिफ्रॉस्टवर, म्हणजे कमी पॉवरवर, दोन मिनिटं, बाहेर काढायचं, कागदात गुंडाळून पूर्ण गार होऊ द्यायचं, वजन करायचं, पुन्हा दोन मिनिटं. किचनच्या काट्यावर पहिलं वजन 218 ग्रॅम होतं, दोन दिवसांत पंधराएक फेऱ्या झाल्यावर 128 ला थांबलं. सोडून कुठे जायचं नाही हं, आत निखारा धुमसत राहू शकतो, आणि जेवणाचा मायक्रोवेव्ह ह्यासाठी वापरू नका.

इथे मी घाई केली. 128 ला लगेच फायनल कातला, झाकण अगदी घट्ट बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी ते निघेना. गोव्याच्या हवेने लाकडाला पाणी परत पाजलं होतं! वजन पुन्हा वाढलेलं, दोन्ही तुकडे जरा लंबगोल होऊन एकमेकांत अडकले. म्हणजे नुसतं कोरडं करून भागत नाही, घरातल्या हवेएवढं होऊ द्यावं लागतं. पुढच्या दोन्हींना मायक्रोवेव्हनंतर आठवडाभर देवघराच्या फळीवर ठेवलं, रोज वजन लिहिलं, तीन दिवस काटा हलला नाही तेव्हाच लेथवर चढवले आणि झाकण किंचित सैल ठेवलं.

वर लाख. कुंकळ्ळीच्या चितारी लोकांचं लाखेचं काम लहानपणी पाहिलेलं, ते डोळ्यांसमोर होतं. लेथ फिरत असताना लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने ती वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणली. लाखेमुळे ओलावाही हळूहळू आत जातो. आतली बाजू मात्र तशीच पिवळी ठेवली, फणसाचा तो रंग झाकवेना.

अडकलेला करंडा सोडवून पुन्हा कातला, तोच वहिनीला दिला. झाकण एकाच बाजूने नीट बसतं, तिथे आतून पेन्सिलीने खूण करून ठेवलीये.