टील: आधी बदक, मग रंग

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानांत मोरपंखी आणि रामा या जुन्या नावांच्या जोडीला आता ‘टील’ हे नावही रुळले आहे. मात्र हा रंग हौसेने मागणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की टील हे मुळात एका लहानशा बदकाचे नाव आहे, आणि ते बदक दर हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या देशातल्या तलावांवर उतरते.

इंग्रजीत हा शब्द कित्येक शतके केवळ पक्ष्यासाठीच वापरला जात होता. रंगाचा अर्थ त्याला विसाव्या शतकात चिकटला. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नाव दिलेल्या या बदकाला मराठी पक्षिमित्र चक्रांग म्हणतात. नराचे डोके तांबूस तपकिरी असते आणि डोळ्यापासून मानेपर्यंत एक रुंद, हिरवा, चमकदार पट्टा जातो. रंगाला नाव मिळाले ते याच पट्ट्यावरून. मादी मातकट असली, तरी पंखावरची हिरवी खूण तिलाही असते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की हा हिरवेपणा रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये केराटिन हे प्रथिन आणि मेलॅनिनचे काळसर कण यांची जी रचना असते, तिच्यावरून प्रकाश परावर्तित होताना तो उमटतो. म्हणून ऊन तिरके झाले किंवा पक्ष्याने मान वळवली, की तोच पट्टा क्षणात पाचूसारखा झळकतो आणि क्षणात काळा पडतो. संगणकाने मात्र टीलला एकाच जागी बांधून टाकले: लाल शून्य, हिरवा १२८, निळा १२८. एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतल्या मूळ सोळा नामांकित रंगांत तो आहे, आणि विंडोज ९५ सुरू केल्यावर पडद्यावर पसरणारी पार्श्वभूमीही हीच होती. ही छटा सुंदर आहे, पण पक्ष्याच्या पट्ट्यापेक्षा ती निळ्याकडे बरीच झुकलेली आहे.

पक्ष्यावरून रंग ओळखण्याची रीत आपल्याकडेही आहेच. पोपटी आणि मोरपंखी ही त्याची रोजची उदाहरणे. परंतु कळंबा किंवा रंकाळ्यासारख्या तलावांवर पक्षी पाहणाऱ्यांनी आणखी एक नाव आवर्जून लक्षात ठेवावे, कारण त्या नावात हा प्रवास उलट दिशेने, रंगाकडून पक्ष्याकडे, झाला आहे. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लालसर ठिपका, एवढ्यावरून मराठी माणसाने एका बदकाला ‘हळदी-कुंकू’ म्हटले. त्याच्याही पंखावर चमकता हिरवा पट्टा असतो; पण पक्षी पाण्यावर स्वस्थ बसला की तो पुष्कळदा झाकला जातो आणि काठावरून चोचच तेवढी स्पष्ट दिसते.