तेवीस सह्यांचा अर्ज

मे महिन्यातला पहिला शनिवार. नागपूरच्या मेमध्ये सकाळी नऊलाच ऊन डोळ्यांत घुसतं. चर्चच्या ऑफिसात कूलर लावून मी दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाची टिपणं काढत बसलो होतो. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. तेवढ्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचे तिघे जण आले. ‘सलाम पाद्रीसाहेब’ झालं, पाणी झालं. मग त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढून माझ्यापुढे ठेवलं.

आत रेघांचा फुलस्केप कागद. वर आठ ओळींचा मजकूर, खाली सह्या. गायनमंडळात कीबोर्ड वाजवणारा आमचा एक तरुण समलिंगी असल्याचं समजतं, प्राइडच्या मोर्चात हातात फलक धरलेला त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो आहे, यामुळे मंडळीची बदनामी होते, सबब त्याला गायनमंडळातून काढावं आणि पश्चात्ताप करेपर्यंत प्रभुभोजन देऊ नये. सह्या २३. मी वरून खाली वाचत आलो आणि तिसऱ्या सहीवर थांबलो. ती त्याच्या आईची होती.

ती सही मी ओळखतो. बाई ३१ वर्षं नर्स होत्या. चार्टवर सही करायची सवय असल्यामुळे आडनाव पूर्ण, सुवाच्य, खाली एक सरळ रेघ. त्या कागदावर मात्र रेघ नव्हती.

काका म्हणाले, ‘‘साहेब, उद्या प्रभुभोजन आहे. म्हणून आजच आणलं जी. संध्याकाळी कमिटी बसवून टाका.’’

मी सहा वाजताची वेळ दिली. ते गेल्यावर पहिली गोष्ट आठवली ती दोन वर्षांपूर्वीची. नाताळाच्या तालमीनंतर सगळे निघून गेले होते आणि हा मुलगा कीबोर्डची वायर गुंडाळत रेंगाळला होता. मग म्हणाला, साहेब, तुम्हाला एक सांगायचंय, आणि सांगितलं. मुलींबद्दल मला तसं कधी वाटलंच नाही, खूप प्रार्थना केली, उपास केले, बदल झाला नाही. मी काय केलं? ‘प्रार्थना चालू ठेव, देव बघेल’ असं म्हणालो आणि पंख्यांची बटणं बंद करायला उठलो. तो ‘बरं साहेब’ म्हणाला आणि गेला. त्यानंतर दर रविवारी मी त्याच्याशी हात मिळवत होतो, पण तो विषय मी पुन्हा कधीच काढला नाही. मला वाटायचं, मी त्याचा न्याय करत नाही, हेच पुष्कळ. तसं नव्हतं. माझं गप्प बसणं त्यानं निकाल म्हणूनच ऐकलं होतं. हे त्यानंच मला त्या दुपारी सांगितलं.

अकराच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेलो. सदर भागाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. खिडकीला पडदा, कोपऱ्यात घरचा छोटा कीबोर्ड, त्यावर क्रोशाचं कव्हर. बाईंनी पन्हं आणून ठेवलं आणि समोर न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, ‘‘केली जी मी सही. काका म्हणे, सिस्टर, आईचीच सही राहिली तर पोराला लागंल मनाला, सुधरंल. मी म्हटलं, सुधरत असंल तर घ्या.’’

‘‘त्याला सांगितलंत?’’

‘‘नाही. काय सांगू?’’

थोडा वेळ कूलरचाच आवाज. मग त्या आपणहून बोलायला लागल्या. वॉर्डात पहिल्यांदा एड्सचा पेशंट आला तेव्हा हात लावायला कोणी पुढे येईना. त्याची सगळी स्वच्छता त्यांनी केली होती. ‘‘साहेब, मी पेशंटला कधी विचारलं नाही, हे तुला कशानं झालं म्हणून. आमच्या मेट्रननं शिकवलं होतं, पहिले दुखतं कुठं ते विचारायचं. आणि हा माझा आहे. दोन महिन्यांचा होता, मीच उचलून नेला होता बाप्तिस्म्याला.’’ पुढे त्या बोलल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. माझा रिकामा ग्लास उचलून आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मुलगा साडेबाराला आला. मिहानच्या औद्योगिक भागात कामाला आहे, शनिवारी अर्धा दिवस. डोक्याला दुपट्टा बांधलेला, घामानं भिजलेला. मला पाहूनच त्याला कळलं. अर्जाबद्दल त्याला आदल्या रात्रीच कोणीतरी मेसेज केला होता, आईच्या सहीसकट. घरात रात्रभर दोघंही गप्प होते.

मी त्याची माफी मागितली. दोन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीबद्दल. तो म्हणाला, ‘‘तुम्ही बटणं बंद करायला उठले ना साहेब, तेव्हाच मला समजलं होतं. वाईट नाही वाटलं. सवय आहे.’’ मग बुटाची नाडी सोडता सोडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘उद्या देणार की नाही, एवढं सांगा फक्त. नाही म्हणाल तर मी येणार नाही, तमाशा नको. पण मागच्या बाकावर बसून सगळ्यांना घेताना बघायला लावू नका.’’

मी म्हणालो, ‘‘देणार.’’

कमिटी व्हायची होती, बिशपसाहेबांना कळवायचं होतं, नियम बघायचे होते. तरीही म्हणालो, आणि त्या शब्दावरच सहा वाजता कमिटीत जाऊन बसलो.

मिटिंग तीन तास चालली. सगळं लिहीत नाही. मंडळी कोणती, हेही लिहीत नाही. तपशील मी मुद्दाम थोडे बदलले आहेत. पण तिथं जे मुद्दे निघाले ते कुठल्याही मंडळीत निघतात.

बायबलमधलं लेवीय निघालं, पापापायी देवानं नष्ट केलेलं सदोम शहर निघालं. सदोमाबद्दल मी यहेज्केलाचा १६ वा अध्याय उघडून ४९ वं वचन वाचायला दिलं. तिथं सदोमाचा अधर्म म्हणून गर्व, भरपूर अन्न, सुखवस्तूपणा आणि दीनदुबळ्यांना हात न देणं हेच आलं आहे. हे खरं, की पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचाही उल्लेख आहे. ते मी लपवलं नाही. एकानं विचारलं, सुप्रीम कोर्टानं मंजूर केलं म्हणजे देवानं केलं का? मी म्हणालो, कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला एवढंच सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं हा गुन्हा नाही. आणि त्याच कोर्टानं १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. अर्जात लग्नाचा विषयच नाही. आपल्यापुढे एक बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण झालेला, म्हणजे कळत्या वयात विश्वासाची जाहीर कबुली दिलेला मुलगा आणि एक भाकर आहे. दुसरे म्हणाले, कॅथलिक लोक तर आता अशी लग्नं लावायला लागले. तेही तसं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून जे पत्रक निघालं त्यानं अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मोकळीक याजकांना दिली, तीही लग्नविधीसारखं काही न करता. विवाहाबद्दलची त्यांची शिकवण आहे तीच आहे. ऐकीव माहितीवर आपण किती रागावतो, हे मला त्या संध्याकाळी फार जाणवलं.

प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ६ निघणारच होता. काकांना तो पाठ आहे. देवाच्या राज्याचं वतन कोणाला मिळणार नाही, याची ती यादी, ज्यात पुरुषसंभोग करणारेही येतात, त्यांनी म्हणून दाखवली. मी म्हटलं, काका, पुढे म्हणा. पुढे चोर आहेत, लोभी आहेत, दारुडे आहेत, आणि चहाडखोर आहेत. एकाच दमात, एकाच यादीत. मी विचारलं, यातल्या कोणत्या शब्दासाठी आजवर या टेबलावर अर्ज आला?

यावर आमच्या एक शिक्षिका बोलल्या. अर्जावर त्यांचीही सही होती. ‘‘साहेब, मला हे पाप वाटते, आजही वाटते. पण माझ्या पोराच्या लग्नात आम्ही मुलीकडून गाडी घेतली, सगळ्यांना माहीत होतं. कोणी अर्ज केला नाही. उलट गाडीवर प्रार्थना करायला तुम्हाला बोलावलं होतं आणि तुम्ही आले होते.’’

मी गेलो होतो, खरं आहे. नव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मी प्रार्थना केली होती.

माझं मत विचारलं गेलं तेव्हा मी ते आडपडदा न ठेवता सांगितलं. सेमिनरीत मला हे पाप म्हणूनच शिकवलं आणि वीस वर्षं मीही तेच शिकवलं. आता ती वचनं मला तशी वाचता येत नाहीत. पौल ज्यांच्याबद्दल लिहितो ती मूर्तिपूजेत आणि वासनेत बुडालेली माणसं, आणि माझ्यासमोर उपास करून, रडून, तरी देवाला न सोडलेला हा मुलगा, यांत मला सारखेपणा दिसत नाही. माझ्याहून विद्वान आणि माझ्याहून प्रार्थनाशील असलेले पाळक याच्या उलट मानतात, हेही मी सांगितलं. ते शास्त्रावर प्रेम करत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण रोमकरांसच्या पहिल्या अध्यायात ती सगळी पापं मोजून झाल्याबरोबर दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल वळतो तो दुसऱ्याला दोष लावणाऱ्याकडे. आपण दर वेळी पहिला अध्याय संपला की पुस्तक मिटतो.

मग मी एकच प्रश्न विचारला. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभूनं क्रम घालून दिला आहे: भावानं अपराध केला असं वाटलं तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. या २३ जणांपैकी एकट्यानं त्याच्याकडे कोण गेलं होतं?

कोणी नाही. त्याची आईसुद्धा नाही. आणि मीही आज सकाळपर्यंत नाही.

खोलीत शांतता झाली म्हणून सगळ्यांना पटलं असं नव्हे. काका उठून उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. म्हणाले, ‘‘आमच्या बापानं गावात या विश्वासापायी विहीर सोडली साहेब. सहा वर्षं नाल्याचं पाणी प्यायले. ते ह्याच्यासाठी?’’

या वाक्यानं मला आतून हलवलं, कारण माझ्या आजोबांचीही तीच गोष्ट. यवतमाळकडचं गाव, बाप्तिस्मा घेतला आणि पाणी बंद, आगपेटी बंद, सोयरीक बंद. आमच्या घराघरांत ही आठवण आहे. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा ठरवायला २०१६ चा कायदा यावा लागला. आपल्या आजोबांच्या वेळी तोही नव्हता. मी काकांना एवढंच म्हणालो, विहिरीवरून हाकलल्यावर कसं वाटतं हे आपल्या घरांना जितकं माहीत आहे तितकं इथं कोणाला माहीत असेल? त्यांनी उत्तर दिलं नाही, खाली बसले.

शेवटी एक गोष्ट मी सांगितली, नागपूरकर म्हणून. याच शहरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या आणि सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उभी राहिली. त्यांच्यात बाप्तिस्म्यावरून केवढा मतभेद होता! कोणी तान्ह्या बाळाला देणारे, कोणी म्हणणारे की कळत्या वयात, स्वतः विश्वास ठेवल्यावरच. दोघांनाही हा तारणाशी भिडणारा प्रश्न. तरी त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या आणि एका मेजावर बसले. पटेपर्यंत थांबू म्हणाले असते तर आजही थांबलेच असते.

नऊ वाजता मत घेतलं. अर्ज स्थगित ठेवायच्या बाजूनं सहा, विरोधात पाच. सहावं मत त्या शिक्षिकेचं. ‘‘मत देते, पण सही मागे घेत नाही,’’ असं त्या स्पष्ट म्हणाल्या आणि कार्यवृत्तात तसंच लिहायला लावलं. बिशपसाहेबांना मी त्याच रात्री सगळं कळवलं.

रविवारी तो आला, कीबोर्ड वाजवला. मी प्रत्येकाच्या हातावर भाकर ठेवत कठड्यापाशी गेलो तेव्हा त्याचे हात पुढे आले. तळव्यांवर वायरींचा काळा डाग होता. आई दुसऱ्या रांगेतून आली, त्याच्याबरोबर नाही. अजून त्यांचं घरात धड बोलणं नाही, असं ऐकतो.

काका आले नाहीत. त्यांच्याबरोबर आणखी दोन कुटुंबं आली नाहीत. मला सोमवारी दोन फोन आले की बरं झालं, गेले ते. मी दोघांनाही सांगितलं, असं बोलू नका. ती तीन कुटुंबंही माझ्याच कळपातली आहेत. काकांनी माझ्या मुलीच्या आजारपणात रात्री दोनला रक्त मिळवून दिलं होतं. त्यांच्या मनात त्या मुलाबद्दल द्वेष आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. भीती आहे, एवढं दिसतं.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं, ‘या’ म्हणाले. चहा झाला, गुडघ्याच्या दुखण्याचं बोलणं झालं, या वर्षी संत्र्याला भाव कसा मिळाला ते झालं. अर्जाचं नाव दोघांनीही काढलं नाही. मी स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. चपला घालत असताना त्यांनी मागून विचारलं, ‘‘परवा शेवटचं गीत कोणतं घेतलं?’’

मी सांगितलं.

‘‘चाल जुनीच वाजवली का त्यानं?’’

‘‘जुनीच.’’

‘‘हं,’’ म्हणाले, आणि कपबश्या उचलून आत गेले.