क्रीमची डबी आणि सीरमची बाटली

गेल्या डिसेंबरात पुण्यातील एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातून मी हायलुरॉनिक ॲसिडच्या सीरमची 30 मिलिलिटरची बाटली घेतली. काउंटरवरच्या मुलीने अगदी खात्रीने सांगितले होते की, हे लावायला लागले की क्रीमची गरजच उरत नाही. त्या रात्री धुऊन पुसून कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर मी पाचसहा थेंब चोळले. पंधरा मिनिटे चेहरा तुकतुकीत दिसला, पण सकाळी गाल असे ताणले गेले होते की हसतानाही जाणवावे. चौथ्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पापुद्रे सुटू लागले, तेव्हा मी बाटली बाजूला ठेवली आणि आपण नेमके काय विकत घेतले आहे, हे नीट समजून घ्यायला बसले.

हायलुरॉनिक ॲसिड काय किंवा ग्लिसरीन काय, दोघांचेही काम पाणी धरून ठेवण्याचे. मुंबईच्या जुलैतील हवेत हे काम एकट्यानेही बरे निभावते. पुण्याच्या हिवाळ्यातील कोरड्या हवेत मात्र वरून काही झाकण नसेल, तर धरलेले पाणी उडून जाते आणि मागे उरलेला पातळ थर आटताना त्वचेला ओढ बसते. हे झाकण घालण्याचे काम क्रीमचे आहे. आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो: मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात वजनाने जवळपास निम्मा वाटा सेरामाइड्सचा, तर उरलेला मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा असतो. चांगले क्रीम पाणी धरणारा पदार्थ, भेगा बुजवणारा पदार्थ आणि वरून झाकणारा पदार्थ अशी तिन्ही कामे एकाच डबीतून करते.

माझ्या मालवणकडच्या आजीला ही भिंत कोणी समजावून सांगितली नव्हती. तिच्याकडे कोकमाच्या बियांतून काढलेल्या तेलाचा, मुठीत दाबून वळलेला, पिवळसर पांढरा गोळा असे. आम्ही त्याला मुठेल म्हणत असू. थंडीत गाल आणि टाचा उलल्या की ती आंघोळीनंतर, अंग ओलसर असतानाच, चुलीजवळ ऊब दिलेल्या वाटीत गोळ्याचा कोपरा वितळवून तो बोटाने लावत असे. ‘ओलसर असतानाच’ हा त्यातील सर्वांत मोलाचा भाग होता, हे मला त्या 30 मिलिलिटरने शिकवले. कोकमाचा हाच स्निग्धांश आज महागड्या क्रीमच्या वेष्टनावर ‘कोकम बटर’ म्हणून झळकतो. आजीने तेवढे पैसे ऐकले असते, तर कपाळावर हात मारून घेतला असता.

मग सीरम कशासाठी? माझ्या मते सीरम हे त्वचेच्या प्रकारासाठी नसून तक्रारीसाठी असते. त्यात एखादा परिणामकारक घटक अधिक प्रमाणात, पातळ आणि बहुधा तेलाशिवाय दिलेला असतो, म्हणून ते आधी लावायचे आणि क्रीम नंतर. क्रीम कोणते घ्यायचे हे त्वचा आणि हवा ठरवते, तर सीरम घ्यायचे की नाही हे तक्रार ठरवते, आणि तक्रार नसेल तर सीरमवाचून काहीही अडत नाही.

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या भाचीला हे पटवायला मला बराच वेळ लागला. “मावशी, माझा चेहरा आधीच तळणीतून काढल्यासारखा असतो, त्यावर आणखी क्रीम कशाला?” हा तिचा प्रश्न. ती दिवसातून चार वेळा अंगाच्या साबणाने तोंड धूत होती. साबणाचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा आकडा) 9 ते 10 च्या घरात आणि त्वचेचा साधारण 5 च्या आसपास, त्यामुळे प्रत्येक धुण्यात ती भिंतीतला चुनाच खरवडत होती. परिणामी कपाळ तेलकट, हनुवटीवर पुटकुळ्या आणि त्याच वेळी गालांवर पापुद्रे, असे विचित्र चित्र होते. तेल कमी असणे आणि पाणी कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तेलकट त्वचेलाही पाण्याची टंचाई भासू शकते. तिने साबण सोडून सौम्य फेसवॉश दोनच वेळा वापरायला सुरुवात केली, बिनतेलाचे हलके जेल क्रीम घेतले आणि पुटकुळ्यांसाठी 2 टक्क्यांचे सॅलिसिलिक ॲसिड आठवड्यातून तीन रात्री लावू लागली. हे आम्ल तेलात विरघळत असल्याने रंध्रांत साचलेल्या मेदापर्यंत पोहोचते. तेलकटपणासाठी तिला नायसिनामाइड, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाचे एक रूप, असलेले सीरमही हवे होते, आणि ते 10 टक्क्यांचेच हवे होते. परंतु 10 टक्के म्हणजे 5 टक्क्यांच्या दुप्पट गुण, असा हिशेब इथे चालत नाही; बऱ्याच जणांच्या चेहऱ्याची त्याने नुसती आग होते.

आईची गोष्ट वेगळी. साठीनंतर तिची त्वचा कोरडी झाली आहे, सोलापूरचा उन्हाळा त्यात भर घालतो आणि दोन्ही गालांवर वांग आहेत. तिला दाट क्रीम आणि डाग फिके करणारे ॲझेलिक ॲसिड मानवले, पण वांगासाठी कोणतेही सीरम सनस्क्रीनशिवाय लावणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे आहे. नुसता अतिनील प्रकाशच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो, म्हणून लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. शेजारच्या काकूंनी मात्र तिला आधी एक ट्यूब आणून दिली होती, जिने ‘आठवड्यात फरक पडतो’. फरक पडतो हे खरे, कारण अशा ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या डागांवरच्या औषधांच्या जोडीला मोमेटासोन हे स्टेरॉइड असते. महिनोन्महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात आणि सोडले की आग भडकते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती ट्यूब चिठ्ठीशिवायच घरात आली होती. काकूंचा हेतू चांगला होता, म्हणून आईने ती परत न करता गुपचूप कचऱ्यात टाकली.

व्हिटॅमिन सीच्या सीरमच्या वाटेला मी स्वतः एकदा गेले आणि हात पोळून परत आले. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजेच व्हिटॅमिन सी, 10 ते 20 टक्के आणि सामू 3.5 च्या खाली असेल तरच त्वचेत नीट शिरते, आणि हवा-उजेड लागला की बिघडते. मी बाटली न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली होती; दीड महिन्यात तिचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. गडद काचेची लहान बाटली, कपाटातील जागा आणि लवकर संपवण्याची तयारी नसेल, तर तो खर्च करू नये. रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठी लावतात ते अ जीवनसत्त्वाचे रूप, मी अजून सुरू केलेले नाही. ते रात्रीच लावायचे आणि गरोदरपणात टाळायचे, एवढे मात्र भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना सांगून ठेवले आहे.

नवे काहीही आणले की मी आता ते आठवडाभर कानामागे लावून पाहते आणि एका वेळी एकच वस्तू बदलते, नाहीतर चुणचुणले तर दोष कोणाला द्यायचा हेच कळत नाही. शिवाय वेष्टनाची मागची बाजू वाचते. तिथे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि केवळ 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेल्यांचा क्रम कसाही असू शकतो. त्यामुळे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणारे केशर मागे सुगंधाच्याही नंतर सापडते.

डिसेंबरातील ती बाटली मी फेकली नाही. ओलसर चेहऱ्यावर दोन थेंब आणि लगेच वरून साधे क्रीम, अशी वापरून ती मार्चअखेर संपवली. पुन्हा घेतली नाही, कारण त्या साध्या क्रीमच्या डबीवरील यादीत पाण्यानंतर दुसरेच नाव ग्लिसरीनचे होते.