गोळीची वेळ आणि रागाची वेळ

बायकोला पार्किन्सन्स आहे हे आता ओळखीतल्या सगळ्यांना माहितीये, त्यामुळे कुणी भेटलं की पहिला प्रश्न तिच्या तब्येतीचा आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "मग आता तुमचं नाटक, गाणं, प्रदर्शनं वगैरे सगळं बंदच झालं असेल ना?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, कळतं मला. पण बंद नाही झालेलं. वेळा बदलल्यात, आणि त्या वेळांबद्दलच आज लिहायचंय, कारण बरेच दिवस डोक्यात घोळतंय.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. डोपामीन नुसतं गोळीतून दिलं तर ते मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात, ते आत जाऊन त्याचं डोपामीन होतं. सुरुवातीची काही वर्षं गोळी घेतली की दिवस निघतो. नंतर नंतर एका गोळीचा असर कमी वेळ टिकायला लागतो आणि मग दिवसाचे तुकडे पडतात, गोळी चढलेली असते तेव्हा 'ऑन', उतरली की 'ऑफ'. ऑनमध्ये ही स्वतः उठते, चालते, भाजी निवडते, माझ्याशी वाद घालते. ऑफमध्ये कुशीवर वळायलाही हात लागतो. त्यात पुन्हा डाळ, पनीर, अंडं असलं प्रोटीनचं खाणं गोळीच्या आड येतं, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास तरी आधी आणि आमच्याकडे वरण रात्रीच्या ताटात गेलंय.

तर सध्या हिचे चांगले तास म्हणजे सकाळी अकरा ते एक-दीड आणि दुपारी चार ते सहाच्या आसपास. सातनंतर थकवा. आता मुंबईतल्या गाण्याच्या कार्यक्रमांच्या वेळा बघा, साडेसहा, सात, साडेसात! नाटकवाले ह्या बाबतीत फार पूर्वीपासून शहाणे, रविवारी दुपारचा चारचा प्रयोग असतो, आम्ही पार्ल्यात राहतो तर दीनानाथ नाट्यगृहाला रिक्षाने पाच-दहा मिनिटांत पोचतो, कडेची सीट घ्यायची, मध्यंतराला सगळ्यात आधी उठायचं की बाथरूमची रांग लागत नाही. जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते, तिकीट नाही, त्या वेळी आत गर्दीही नसते, आणि कोस्टल रोड झाल्यापासून काळाघोडा आम्हाला परत जवळ आलाय. चित्र बघायला तर आजारी माणूस उत्तम रसिक असतो असं माझं मत झालंय, कारण तिला घाई करताच येत नाही. एका चित्रासमोर थांबली की थांबली.

तिथे जाताना एक गंमत कळली. पायऱ्या ही नीट चढते, पण सपाट दारात पाय जमिनीला चिकटतात, फ्रीझिंग म्हणतात त्याला. मागून ढकलायचं नाही, हात ओढायचा नाही, ताल द्यायचा. ठोक्यावर पाय सुटतात हे फिजिओथेरपीवाले पण सांगतात. मी हळू आवाजात केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, म्हणतो, धा गे ना ती न क धिं ना, आणि ही पाऊल टाकते. एकदा मी बदल म्हणून दादरा धरला तर म्हणाली, "अरे सहा मात्रांत काय चालू, दुसऱ्या धा ला पाय उलटा येतो." बरोबरच आहे, दोन पायांच्या माणसाला आठ मात्राच हव्यात. रांगेत मागचे लोक बघत राहतात. बघू देत.

आता मुद्द्यावर येतो. संध्याकाळच्या मैफिली सुटल्या म्हणून आम्ही घरी हिच्या चांगल्या तासांत ऐकायला लागलो, आणि असं लक्षात आलं की आम्ही दोघं आयुष्यभर गाणं ऐकत आलो तरी दुपार आम्ही कधी ऐकलीच नव्हती. नोकरी असताना दुपारी कोण ऐकणार? आणि आपल्याकडे राग दिवसाच्या वेळेप्रमाणे गातात, कार्यक्रम संध्याकाळचे, म्हणजे यमन, पूरिया, मारुबिहाग, बागेश्री, फार तर शेवटी भैरवी. सारंगाचं सगळं कुटुंब, वृंदावनी, शुद्ध, गौड सारंग, मग भीमपलासी, पटदीप, मुलतानी हे सगळे दुपारचे राग आमच्या कानावर पडायचे ते रेकॉर्डवर, आणि ते पण रात्री जेवण झाल्यावर. भर दुपारी, बाहेर ऊन, गल्लीत भंगारवाल्याची हाक, पंखा फुल्ल, आणि शुद्ध सारंगात तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर, म्हणजे चढ्या 'म'वरून साध्या 'म'वर, उतरतो तो सूर. ही सोफ्यावर ताठ बसून म्हणाली, "ह्याला ऊन लागतं रे." दिवसाच्या त्या वेळी ऐकल्याशिवाय हे कळत नाही, मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आणि चार ते सहा तर फारच सुंदर. गोळी पूर्ण चढलेली असते तेव्हा भीमपलासी. मग पाच वाजून गेले की मुलतानी. कोमल गंधार (ग) दोन्हीत आहे, पण मुलतानीत मध्यम तीव्र होतो आणि रिषभ-धैवत (रे-ध) कोमल, म्हणजे दुपार कलली हे सुरांतच कळतं. रागाच्या वेळेची ही सगळी मांडणी ज्यांनी पद्धतशीर लिहून ठेवली ते पंडित भातखंडे आपल्या मुंबईचेच, वाळकेश्वरला जन्म, १८६० सालचा, पेशाने वकील. मध्यम शुद्ध की तीव्र ते बघून वेळ ओळखायची त्यांची ती खूण मी कॉलेजात वाचली होती, पटली मात्र आत्ता, ह्या खोलीत. ते स्वतः शेवटची जवळपास तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, १९३६ मध्ये गेले. वेळेचं शास्त्र लिहिणाऱ्या माणसाच्या त्या लांब दुपारी कशा गेल्या असतील हा विचार हल्ली माझ्या मनात येतो.

हिचे कान माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहेत, लग्नाआधी काही वर्षं शिकली आहे. आजाराने आवाज बारीक झालाय, जवळ जाऊन ऐकावं लागतं, पण मत तेवढंच ठाम. परवा एका तरुण गायकाची रेकॉर्ड लावली होती तर पाच मिनिटांत, "अरे हा मुलतानी नाही गात, ह्याची तोडी झालीये, चढताना रिषभावर थांबतोय बघ." स्वर दोन्हीचे तेच, चलन, म्हणजे ते स्वर घ्यायची रीत, वेगळं, आणि तिने पकडलं. तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्या रिपोर्टने झाला नसता.

एक गोष्ट लोकांना सांगायचीच आहे. ह्या आजारात चेहऱ्याचे स्नायू पण कडक होतात, हसू, आश्चर्य काही पटकन उमटत नाही. शेजारी बसलेल्यांना वाटतं ह्या बाईंना कंटाळा आलाय, किंवा कळत नाहीये. मागे एका घरगुती बैठकीत एक बाई मला म्हणाल्या, "यांना आत झोपवायचं का जरा?" मी म्हटलं तिचा हात बघा. हिचा हात नुसता मांडीवर असतो तेव्हा कापतो, पण टाळी-खाली धरायला लागली, बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला लागली की कंप बराच थांबतो, कारण हा कंप हात स्वस्थ असताना जास्त असतो. आणि एखादी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अशी काही येते की मन हलतं, तेव्हा तोच हात एकदम जोरात कापायला लागतो, उत्तेजनेने कंप वाढतो म्हणून. म्हणजे दाद आहे ती. चेहऱ्याकडे बघू नका.

संध्याकाळी सहा-साडेसहाला गोळी उतरते. ती वेळ मारव्याची. मारव्याला पंचम (प) नाही, षड्ज (सा) पण सारखा टाळत टाळत घेतात, टेकायला जागाच देत नाही तो राग. आम्ही तो लावत नाही. हिने स्पष्ट सांगितलंय, "आत्ता मला टेकायला काहीतरी दे." मग त्या वेळात मी नुसता तानपुरा लावतो आणि पाय चोळून देतो.

पहाट वेगळी. रात्रीच्या गोळीचा असर साडेतीन-चारपर्यंत संपलेला असतो, अंग लाकूड झालेलं असतं, झोप उडते. आधी आम्ही त्या वेळेला घाबरायचो. आता उठवून बसवतो, पाठीला उशा, कोमट पाणी, पहिली गोळी, आणि ती चढेपर्यंतचा वेळ ललत रागाचा. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी. त्यालाही पंचम नाही, पण तो हिला चालतो, का ते मला सांगता यायचं नाही, विचारलं तर म्हणाली त्याच्यापुढे सकाळ आहे. मग भटियार. कधी काही निवडायची ताकद नसेल तर आकाशवाणीचं रागम् लावतो मोबाईलवर, २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत चालू असतं, ह्या देशातल्या उत्तम सरकारी कामांपैकी एक आहे ते.

रात्रभराच्या मैफिली गेल्या म्हणून हळहळणारे मित्र आहेत माझे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद झाले, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, घरात आजारी माणूस असलं की खिडकीबाहेरचा स्पीकर काय असतो ते कळतं. पण त्यामुळे सगळं गाणं संध्याकाळच्या तीन तासांत कोंबायची काय गरज? सभागृहात बघा, अर्ध्याहून जास्त डोकी पांढरी असतात. ही माणसं दुपारी मोकळी असतात, रात्री लोकलच्या गर्दीला घाबरतात. प्रभादेवीला 'प्रातःस्वर'सारख्या पहाटेच्या मैफिलींना लोक अंधारात उठून आले, ते दुपारी चारला येणार नाहीत?

कुमार गंधर्वांच्या आजारपणाची गोष्ट आपण सगळेच सांगतो, क्षयामुळे गाणं बंद, देवासला अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं कानावर आली आणि त्यातून पुढचे कुमारजी घडले. मला हल्ली त्यांच्या पत्नी भानुताई जास्त आठवतात. इथेच ऑपेरा हाऊसजवळ देवधर मास्तरांच्या क्लासात शिकलेल्या, स्वतः गाणाऱ्या, १९४७ ला लग्न झालं आणि लगेच हे दुखणं. त्या दिवसांत त्याही ऐकतच होत्या की. एकाच खोलीत, तेच आवाज, त्याच वेळा. त्यांना काय ऐकू आलं असेल हे कुणी विचारलं की नाही माहीत नाही, मला विचारायला आवडलं असतं.

मला लोक म्हणतात तुम्ही किती करता तिच्यासाठी. मी करतो, नक्कीच, आणि दमतोही, मदतीच्या मावशी नालासोपाऱ्याहून येतात म्हणून दुपारी दोन तास पाठ टेकता येते. पण ऐकण्याच्या बाबतीत मी तिच्यासाठी काही करत नाही, आम्ही दोघं मिळून ऐकतो, आणि हे गेल्या चाळीस वर्षांत इतकं नीट कधी जमलं नव्हतं. मावशी पण आता ऐकतात. भीमपलासी लागला की म्हणतात, "चार वाजले वाटतं."

तर पार्ला, अंधेरी, दादर, कुठेही, कुणी घरी दुपारी चार ते सहा बैठक ठेवत असेल तर आम्हाला जरूर बोलवा. लवकर येऊ, सहाला उठू, मध्येच उठलो तर गायकाने रागवू नये एवढं आधी सांगून ठेवा. खाली सतरंजीवर हिला बसता येत नाही. हात असलेली एक खुर्ची लागेल, दाराजवळ, आणि मुलतानी गाणारं कुणी असेल तर उत्तमच.