घरी यायलाच जास्त वेळ का लागतो

"अगं, मुंबईहून टोकियोला पावणेआठ-आठ तास आणि तिकडून इकडे साडेनऊ-दहा? रस्ता एकच ना? का विमानाला येताना घाट लागतो?" काकांनी परवा फोनवर अशी उलटतपासणी घेतली. मागून आईचा आवाज आला, "तिला यायचंच नसतं, म्हणून तास वाढवून सांगते." हे मात्र झोंबलं. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते, घरच्या सगळ्यांनी वाचा.

अंतर सरळ मोजलं तर सुमारे 6,800 किलोमीटर, जाताना तेवढंच नि येतानाही तेवढंच. सगळी भानगड वाऱ्याची आहे. जपानच्या डोक्यावर, विमानं उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. विमान आपलं दोन्हीकडे तेवढाच जोर लावतं. वारा पाठीशी असला की ताशी अकराशेचा पल्ला गाठतं, समोरून आला की रखडतं. एका जानेवारीत टोकियोच्या नारिता विमानतळावरून निघाल्यावर मी समोरच्या स्क्रीनवर वेगाचा आकडा बघत बसले होते. 690, 680, मग 672. शेजारचे जपानी आजोबा मास्क लावून गाढ झोपलेले. जेवणाचे ट्रे उचलून झाले तरी नकाशावरचं विमान जपानातच!

गंमत म्हणजे हा वारा पद्धतशीर मोजणारा माणूस इथला, जपानचाच, वासाबुरो ओइशी. त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेचे ते प्रमुख. 1920च्या दशकात ते आकाशात फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. भर हिवाळ्यात, उघड्यावर, पुन्हा पुन्हा. या चिकाटीला माझा दंडवत, आपल्याकडे दुसऱ्या फुग्यालाच कुणीतरी "अहो, कशाला?" म्हणालं असतं. 1926 साली त्यांनी निष्कर्ष छापले ते एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत, जगभर वाचले जावेत म्हणून. जगानं ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे 1944 मध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं टोकियोवर आली, तेव्हा या वाऱ्यानं त्यांचे नेम चुकवले. जपाननंही त्याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले फुगे अमेरिकेकडे सोडले होते.

एवढं झुंजून मुंबई दिसायला लागते, तर वर घिरट्या! ऑफिसातला एक जपानी सहकारी मला खोचकपणे म्हणाला, "दोन धावपट्ट्या आहेत ना तुमच्याकडे?" आहेत बाबा, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. टोकियोच्या दुसऱ्या विमानतळाला, हानेदाला, चार आहेत, मान्य. पण एका धावपट्टीवर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढवून-उतरवून दाखवा म्हणावं. शिवाय नारिता टोकियो शहरापासून साठेक किलोमीटर लांब आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत बंद. आमचा विमानतळ अख्खी रात्र जागा असतो.

आता ताईच्या फेब्रुवारीतल्या लग्नाबद्दल. वारा तेव्हा अगदी भरात असतो, दहा तास कुठे गेले नाहीत. त्यात इथे मार्चअखेर आर्थिक वर्ष संपतं, रजेचं नाव काढायची सोय नाही. आहेर पाठवतेय. मे महिन्यात वारा जरा नरमतो, आंबेही असतात. तेव्हा नक्की येते, आईला सांगा.