तुम्ही विचारलंत म्हणून : डोळ्यांनी काही पाहिलं नाही, तरी?

"बाई, आमच्या मुलाने तर काहीच पाहिलं नाही. दारं-खिडक्या लावून घरातच ठेवलं होतं त्याला. मग वस्तीत दंगा झाल्यापासून त्याचं अभ्यासात लक्ष का लागत नाही?" मुंबईच्या शाळेत मी आयुष्यभर शिकवले आणि निवृत्तीनंतरही हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते, की मुलाला अभ्यास टाळायला आयते निमित्त सापडले आहे. १९९३ साली माझेही तेच मत होते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मारली गेली, अशी त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाची नोंद आहे. आमच्या शाळेच्या गल्लीत मात्र कोणी दगावले नव्हते. संचारबंदी उठून शाळा भरू लागली तेव्हा दहावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि मला पोर्शन संपवायची घाई होती. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, एरवी गणितात तरबेज, रोज दुसऱ्या तासाला डुलक्या घेऊ लागला. मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले. वही तपासली तर एकच ओळ तीन वेळा उतरवलेली. एके दिवशी कोणाची तरी कंपासपेटी फरशीवर आपटली, तेव्हा अर्धा वर्ग दचकून खाली वाकला आणि लगेच स्वतःलाच हसला. हा मुलगा हसला नाही, दाराकडे पाहत राहिला.

आईला बोलावल्यावर उलगडा झाला. रात्री हल्ला होणार, समुद्रावाटे हत्यारे उतरणार, अशा अफवा तेव्हा शहरभर फिरत होत्या आणि चाळीतले पुरुष गच्चीवर गस्त घालत होते. पंधरा वर्षांचा हा मुलगाही त्यांच्याबरोबर जागत असे. पुढे गस्त थांबली, पण त्याचे जागणे थांबले नाही.

त्याने रक्त पाहिले नव्हते, हे खरेच. पण धोका कोणत्या बाजूने येईल याचा कानोसा घेण्यात ज्याचे सारे लक्ष गुंतले आहे, त्याच्यापाशी प्रमेयासाठी काय उरणार? पुढे याविषयीचे संशोधन वाचताना मला तो बाक आठवत राहिला. पॅट्रिक शार्की या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतल्या मुलांच्या चाचण्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. घराच्या आसपास खून झाल्यावर आठवड्याच्या आत ज्या कृष्णवर्णीय मुलांची चाचणी झाली, त्यांचे वाचनाचे आणि शब्दसंपत्तीचे गुण त्याच भागात इतर वेळी तपासलेल्या मुलांपेक्षा बरेच कमी होते, आणि खून प्रत्यक्ष पाहिलेला असण्याची अट त्यात नव्हती. ११४ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००९ मधल्या एका आढाव्यातही असे दिसले, की स्वतःवर हल्ला होणे, डोळ्यांदेखत होणे किंवा नुसते कानावर येणे, आघातानंतरच्या ताणाशी या तिन्हींचा संबंध सारखाच होता. नैराश्याच्या बाबतीत मात्र स्वतः मार खाल्लेल्या मुलाला जास्त भोगावे लागते, आणि आक्रमकतेच्या बाबतीत नुसते ऐकलेल्यापेक्षा मार खाल्लेल्या किंवा तो पाहिलेल्या मुलाला. तेव्हा सगळे सारखेच, असे मी म्हणणार नाही. पुष्कळ मुले घडी बसल्यावर आपोआप सावरतात, हेही खरे.

शाळेचे नुकसान केवळ गुणांत मोजता येत नाही. त्या वर्षी आमच्या हजेरीपटावर "दाखला नेला" असा शेरा इतक्यांदा आला, की उरलेल्यांच्या शेजारचे बाक रिकामे पडले; मिश्र वस्तीतली कुटुंबे "आपल्या माणसांत" राहायला गेली, आणि दोन मुलींना तर केवळ रस्ता सुरक्षित नाही म्हणून घरी बसवण्यात आले. वयात येणाऱ्या मुलांना मित्रांचा आधार लागतो, आणि नेमका तोच तुटला. मार्चच्या १२ तारखेला बॉम्बस्फोट झाले आणि जे सावरू लागले होते तेही पुन्हा बिथरले.

म्हणून पालकांना मी आधी विचारते : मूल झोपते कधी, मध्येच उठते का, विनाकारण चिडते का? "विसरून जा" म्हणू नका, बोलले तर ऐका. महिनाभरात झोप परतली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात कमीपणा मानू नका.

त्या मुलाने आईमार्फत मला एकच विनंती केली होती, दाराजवळचा बाक, जिथून जिना दिसेल. वर्गाची शिस्त बिघडेल म्हणून मी आधी नकार दिला आणि आठवडाभराने तो बाक दिला. बसल्यावर पहिल्या तासाला त्याने चारदा जिन्याकडे पाहिले. मी मोजत होते.